हिमनदी मोजता, तशी तिच्या शेजारची गोठलेली भुईही मोजा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हिमालयातल्या वितळत्या हिमनद्यांवर आपण पानभर मजकूर दिलात. तो मी दोनदा वाचला आणि कात्रण काढून ठेवलं. गंगोत्रीचा मोठा फोटो, शेजारी जुना फोटो, हिमनदीचं तोंड किती मागे सरकलं ते दाखवणारी रेघ, सगळं नीट मांडलेलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जपणुकीसाठी दिलं आणि २१ मार्च हा त्यांचा दिवस ठरवला, हेही त्यात होतं. पण अख्ख्या पानात एक गोष्ट कुठेच आली नाही. माझं आयुष्य माती तपासण्यात गेलं, त्यामुळे मला ते फार टोचलं. हिमनदीच्या आजूबाजूला, तिच्याहून कितीतरी मोठ्या पसाऱ्यात, वर्षानुवर्षं गोठलेली जमीन असते. तीही आता सुटते आहे, म्हणजे तिच्यातला बर्फ वितळतो आहे. डोंगरातले झरे, पाणथळी आणि चराऊ कुरणं या जमिनीच्या आधारावर उभी आहेत, आणि तिच्याबद्दल मराठीत वाचायला जवळपास काही मिळत नाही.

इंग्रजीत तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्या सोपी आहे: जी जमीन सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशावर किंवा त्याखाली राहते, ती. त्यात बर्फ दिसायलाच हवा असं नाही. कोरडा खडकही या व्याख्येत बसतो. वरचा हातभर, कुठे पुरुषभर थर उन्हाळ्यात सुटतो आणि थंडीत परत गोठतो. त्याच्या खालचं मात्र गोठलेलंच राहतं. मी मनाशी तिला गोठभुई म्हणते. आपल्या भाषाविभागाला याहून चांगला शब्द सुचला तर आनंदच आहे, पण काहीतरी शब्द ठरवा. ज्याला नाव नाही त्याची बातमी होत नाही.

मी कोपरीत राहते. माती परीक्षण प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काम करून निवृत्त झाले. सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश हे शब्द रोज हाताखालून गेले. माहेर मुरबाड तालुक्यातलं, टोकावड्याच्या बाजूचं. घरी भाताची खाचरं होती. गोठभुई पाण्याचं काय करते हे मला पुस्तकातून कळलं, पण पटलं ते खाचरामुळे, म्हणून ते आधी सांगते.

आवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, आधी आम्ही चिखलणी करतो. पाणी भरलेल्या खाचरात नांगर आणि गुठा फिरवून मातीचा इतका लगदा करायचा, की तिच्यातली भोकं बुजून जातात आणि तळाशी घट्ट थर बसतो. रोपं त्या वरच्या मऊ चिखलात उभी राहतात आणि पाणी खाली झिरपून जात नाही. आजोबा सांगायचे, भाताला पाऊस जितका लागतो तितकाच तळ लागतो. बांधात खेकड्यानं बीळ केलं, किंवा उन्हानं खाचराचा तळ तडकला, की वरून पाऊस पडत असतानाही खाचर रिकामं होतं. सकाळी भरलेलं, संध्याकाळी रोपांच्या बुडाशी नुसता ओला चिखल. पाणी कुठे गेलं? खाली गेलं. रोपांच्या मुळांना तिथपर्यंत पोचता येत नाही.

उंच डोंगरात चिखलणी करणारं कुणी नाही. तिथे तळ असतो तो गोठलेल्या जमिनीचा. उन्हाळ्यात वितळलेलं बर्फाचं पाणी, पडेल तो थोडासा पाऊस, हे सगळं वरच्या सुटलेल्या थरात शिरतं आणि खालच्या गोठलेल्या थरावर अडतं. तिथल्या गवताची मुळं उथळ असतात, त्यांना पाणी हाताशी मिळतं. तोच तळ खाली खाली सरकला तर पाण्याची पातळी त्याच्यामागे खाली जाते, आणि मुळं वर कोरडी राहतात. पाऊस तेवढाच, बर्फ तेवढाच, तरी कुरण वाळतं. गोठभुईचं महत्त्व समजायला मला एवढं पुरलं.

आता लडाखची गोष्ट. सहा वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, सप्टेंबर महिन्यात आम्ही ठाण्यातल्या अकरा जणी एका प्रवासी कंपनीबरोबर लेहला गेलो होतो. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात जुलैच्या एका जोरदार दिवसात तेवढा होतो. खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग झालं आणि शेवटच्या दिवशी तांगलांग ला ओलांडून आम्ही त्सो कारला पोचलो. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंच. त्सो कार म्हणजे पांढरं तळं. काठावर मिठाचा पांढरा थर पसरलेला असतो. सगळीकडे राखाडी आणि तांबूस उघडे डोंगर, एक झाड नाही. आणि मध्येच, त्या वाळवंटात, ओलं हिरवं गवत. पाय ठेवला की दबतं आणि बुटाभोवती पाणी येतं. गवताचे गोल गोल उंचवटे, मध्ये पाण्याच्या बारीक वाटा. एकसारखं गोठत आणि सुटत राहिल्यानं माती अशी फुगून येते. दूरवर काळ्या मानेचे करकोचे चरत होते. हा लडाखचा राज्यपक्षी आहे. २०२० मध्ये या पाणथळीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, जागा मिळाली.

आमच्या गाडीचा चालक पंचविशीतला मुलगा होता. त्याच्या आईचं माहेर चांगथांगातलं, म्हणजे पश्मिना बकऱ्या पाळणाऱ्या चांगपा लोकांतलं. मला तो आमा-ले म्हणायचा. मी गवतात बसून मातीचा वास घेत होते तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला आणि मी काय करते आहे ते विचारलं. मी सांगितलं, बाळा, माझी नोकरीच मातीची होती. मग तो बोलायला लागला. असल्या ओल्या कुरणाला ते लोक स्पांग म्हणतात. थंडीत बकऱ्यांनी तग धरायचा तर उन्हाळ्यात स्पांगवर चरून अंगात घ्यावं लागतं. त्याच्या आजोळी एक स्पांग होतं, त्याच्या आईच्या लहानपणी त्यात याकचे पाय रुतायचे. आता तिथे धूळ उडते आणि गवताच्या जागी बकरी तोंड लावत नाही असली झुडपं आली आहेत.

एका कुरणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. एकाच नमुन्यावर अहवाल लिहायचा नाही, ही आमच्या प्रयोगशाळेची शिस्त होती. बर्फ कमी पडला असेल, ओहोळानं वाट बदलली असेल, चराई वाढली असेल. पण तिबेटच्या पठारावर, जिथे अशा जमिनीचा पसारा सुमारे १० लाख चौरस किलोमीटर म्हणजे तीन महाराष्ट्रांहून जास्त आहे, तिथे संशोधकांनी नेमकी हीच उतरंड पुन्हा पुन्हा पाहिली आहे. यांगत्से आणि पीत नदीच्या उगमाकडे आधी दलदलीचं कुरण असतं, मग ते साधं कुरण होतं, मग विरळ कोरडं गवत, आणि शेवटी उघडी वाळू. कोब्रेसिया नावाची तिथली बुटकी गवतासारखी वनस्पती आहे. तिच्या मुळांची चटई इतकी दाट असते की चाकूनं विटांसारखी कापता येते. पाणी खाली गेलं की ही चटई आधी तडकते, कडेनं उचलली जाते, मग वारा तिच्याखालची माती नेतो.

यात एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बर्फ गवताला पाणी देतो हे खरं, पण गवतही बर्फाला झाकून ठेवतं. ओली मुळं, कुजलेल्या पानांचा जाड थर, शेवाळ हे सगळं गोधडीचं काम करतं. उन्हाळ्याची ऊब खाली पोचू देत नाही. गवत गेलं की उघड्या काळ्या मातीत ऊन थेट शिरतं, तळ आणखी खाली जातो, मग उरलेलं गवतही जातं. एकदा हे सुरू झालं की ते थांबवायला हवा थंड व्हावी लागेल, किंवा चटई परत यावी लागेल. आणि त्या थंडीत हातभर चटई तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

म्हणूनच त्या दिवशी पुढे जे घडलं ते मला विसरता येत नाही. आमच्या सहलीच्या दोन गाड्या फोटोसाठी रस्ता सोडून सरळ स्पांगमध्ये घातल्या. गवत मागे, तळं मागे, गाडीच्या बॉनेटवर बसून सगळ्यांचे फोटो. चाकं रुतली तेव्हा गाड्या पुढेमागे करून बाहेर काढल्या. मागे राहिल्या त्या वीतभर खोल चाकोऱ्या, त्यात काळं पाणी आणि उलटलेली मुळं. माझी गाडीही त्यात होती. मी बोलले, पण खाली उतरल्यावर. आधी बोलायला हवं होतं. आमचा चालक मात्र गाडी आत घ्यायला तयार नव्हता. सहलीच्या व्यवस्थापकानं त्याला दम दिला, मग त्यानं घेतली. परत आल्यावर मी त्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत गवतात उभ्या गाडीचाच फोटो होता.

ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईतून दर उन्हाळ्यात किती माणसं लडाखला जातात हे आपल्या जाहिरातींच्या पानावरूनच कळतं. त्यांना कुणी हे सांगत नाही की त्या गवताखाली काय आहे. ती चाकोरी दोन पावसाळ्यांत बुजणारी येऊरच्या वाटेवरची चाकोरी नव्हे.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, गोठभुई सुटली की लगेच दुष्काळ. तसं नसतं, आणि फसगत इथेच होते. सुरुवातीला उलट पाणी वाढतं. जमिनीतला बर्फ वितळून ते पाणी वर येतं, खड्डे खचून नवी डबकी तयार होतात, मातीत अडकलेलं नत्र मोकळं होऊन झाडांना खत मिळाल्यासारखं होतं. काही वर्षं सगळं जास्त हिरवं दिसतं. पुढे पाण्याला खोल वाटा सापडतात. उन्हाळ्यात भरभरून वाहणारे ओढे सावकाश होतात, आणि हिवाळ्यात, जेव्हा सगळं थिजलेलं असायचं, तेव्हा नदीत थोडं जास्त पाणी दिसायला लागतं, कारण ते आता जमिनीच्या पोटातून फिरून येतं. थंड प्रदेशांतल्या कितीतरी नद्यांच्या नोंदींत ही हिवाळी वाढ दिसते. आपल्याकडचा एखादा अधिकारी ती नोंद पाहून म्हणेल, बघा, पाणी वाढलंय. आल्प्समध्येही उपग्रहाच्या चित्रांवरून असं दिसलं की १९८४ ते २०२१ या काळात वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथे झाडं वाढायची थांबतात त्या उंचीच्या, वरच्या ७७ टक्के भागात हिरवाई वाढली. त्यात खालची झुडपं वर चढली, वरच्या थंडीतच जगणाऱ्या लहान फुलझाडांना जागा उरली नाही. हिरवा रंग दिसला म्हणजे जमीन बरी आहे, असं मातीच्या प्रयोगशाळेत कुणी म्हणणार नाही. युरिया जास्त झालेलं शेतही हिरवंगार असतं.

आता दगडाखालचा बर्फ. आमच्या कोपरीच्या शेजारी चेंदणी कोळीवाडा आहे. लहान मुलांना घेऊन मी मासळी आणायला जायचे तेव्हा बर्फाच्या लाद्या भुशात पुरून, वर गोणपाट टाकून ठेवलेल्या असत. उघडी लादी लवकर पाणी होते, भुशातली कितीतरी जास्त टिकते. उंच डोंगरात भुशाचं काम दगड करतात. उतारावर दगडधोंड्यांचा जाड थर, त्याच्या पोटात बर्फ, आणि हा सगळा ऐवज वर्षाला काही सेंटिमीटर ते मीटर-दोन मीटर असा खाली सरकत असतो. त्याला पाषाण-हिमनदी म्हणता येईल. लांबून नुसती दरड दिसते, म्हणून पर्यटक तिचा फोटो काढत नाहीत. हिमालयात अशा सुमारे २५,००० असल्याचा अंदाज आहे. उघड्या हिमनद्या आटल्यावरही या बराच काळ पाणी देत राहतील. लडाखसारख्या कोरड्या भागात एखाद्या गावाचा ओढा पुढे यांच्यावरच अवलंबून राहील.

पण ते पाणी कसं असेल? याबद्दल वाचलं तेव्हा मी रात्रभर नीट झोपले नाही, कारण त्यातला आकडा माझ्या रोजच्या कामातला होता. इटलीच्या उत्तरेला, दक्षिण टायरोलमध्ये, रासास नावाचं डोंगरातलं छोटं तळं आहे. वर कारखाना नाही, शेत नाही, वस्ती नाही. आहे ती एक पाषाण-हिमनदी. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये लिहिलं की दोन दशकांत त्या तळ्याच्या पाण्याची विद्युत वाहकता अनेक पटींनी वाढली, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार तितके वाढले. आणि निकेलचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहा पटींहून जास्त निघालं. कारण समजायला अवघड नाही. खडकात गंधक असलेली खनिजं असतात. बर्फानं झाकलेली होती तोवर त्यांना पाणी आणि हवा मिळत नव्हती. बर्फ सुटला, आम्ल तयार झालं, आम्लानं धातू सोडवले आणि ते पाण्यात आले. सामू आणि विद्युत वाहकता मोजायला आम्हाला पाच मिनिटं लागायची, आणि ते यंत्र पिशवीत मावतं. लडाख, लाहौल-स्पीती, सिक्कीममधल्या ज्या ओढ्यांवर गावं पाणी पितात, त्यांची अशी नोंद दर ऋतूला ठेवली जावी, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

कर्बाबद्दल, म्हणजे कार्बनबद्दल, थोडक्यात. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली निघाला की आम्ही तपासणीच्या पत्रिकेवर कमी असं लिहायचो, आणि बहुतेक पत्रिकांवर तेच लिहावं लागायचं. आपल्या उन्हात मातीतलं सगळं लवकर कुजून जातं. थंडीत ते कुजत नाही, साठत जातं. उत्तरेकडच्या गोठलेल्या जमिनींत मिळून सुमारे दीड लाख कोटी टन कर्ब आहे, म्हणजे आज हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. भुई सुटली की तोही कुजून हवेत जाऊ लागतो. यातला बहुतेक सायबेरिया, अलास्का, कॅनडाचा. आपल्या डोंगरांचा वाटा लहान. पण स्पांगच्या त्या काळ्या मातीचा वास मला अजून आठवतो. इतकी समृद्ध माती मी तपासणीच्या एकतीस वर्षांत हातात घेतली नव्हती.

गोठलेली जमीन सुटल्यावर पाणी केवळ आटत नाही, ते कोसळतंही. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममध्ये साउथ ल्होनाक तळं फुटलं तेव्हा आपल्यासह सगळ्या वर्तमानपत्रांनी ढगफुटी, हिमतलाव, तीस्तेचा पूर असे मथळे दिले. नंतरच्या अभ्यासातून कळलं की तळ्याच्या काठावरचा मोरेनचा, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीचा, गोठलेला उतार, सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर, तळ्यात घसरला. त्यानं २० मीटरच्या आसपास उंच लाट उठली, बांध कापला गेला आणि सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी खाली आलं. चुंगथांगचं १२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. माणसं गेली, घरं गेली. त्या उताराला आतून धरून ठेवणारा बर्फ किती सैल झाला होता, हे मोजणारी यंत्रणा तिथे असती तर, हा प्रश्न मी विचारते आहे. मथळ्यात तो उतार आलाच नाही.

मोजमापाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा काढते, कारण ही जमीन डोळ्यांना फसवते. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून जमीन उणे तीनवरून शून्याच्या जवळ आली की वर्षानुवर्षं तापमापी हलत नाही. वाटतं, काही घडत नाही. आत मात्र बर्फ पाणी होत असतो. ज्यांना गरज पडली त्यांनी मोजलं. चीननं गोलमुड ते ल्हासा हा ११४२ किलोमीटरचा लोहमार्ग २००६ मध्ये सुरू केला. त्यातला सुमारे ५५० किलोमीटरचा टप्पा अशा गोठलेल्या जमिनीवरून जातो. जमीन खचू नये म्हणून रुळांच्या कडेला अमोनिया भरलेल्या नळ्या पुरल्या, भरावात मोठे दगड घालून हवा खेळती ठेवली. स्वित्झर्लंडमध्ये एंगादीन खोऱ्याच्या वर कोर्वाच डोंगरात १९८७ मध्ये एक विंधनविवर खणलं, त्यात वेगवेगळ्या खोलीवर तापमापी सोडल्या. त्या जागेच्या नोंदी आजही चालू आहेत. २००० पासून त्यांचं देशभरचं जाळं आहे.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. लेहच्या वर गांगलास ओढ्याच्या पाणलोटात, खारदुंग लाच्या वाटेवर साउथ पुल्लूजवळ, सुमारे ४७०० मीटरवर, रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जमिनीचं तापमान, बर्फ, ऊन, वारा यांच्या नोंदी घेतल्या आणि तिथे गोठभुई असल्याचं दाखवलं. कसल्या थंडीत, कसल्या वाऱ्यात ही माणसं यंत्रं सांभाळत असतील! आम्ही त्याच वाटेनं गाडीच्या काचा वर करून गेलो होतो. हे काम मला फार मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच वाटतं की लडाखपासून अरुणाचलपर्यंतच्या डोंगरासाठी अशी मोजकी ठिकाणं पुरणार नाहीत. उंच जागी रस्ता, बोगदा, जलविद्युत प्रकल्प मंजूर होतो तेव्हा पर्यावरण अहवालात झाडं किती तुटणार हे विचारतात. चार हजार मीटरच्या वर बहुतेक ठिकाणी झाडंच नसतात, रकाना शून्यावर संपतो. तिथे विचारायला हवं की जमिनीचं तापमान दहा मीटर खोलीवर किती आहे, आणि कुरणाची किती चटई उचलली जाणार.

माझ्या ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं, तुला कोपरीत बसून याची काळजी कशाला. ठाण्याच्या नळाला भातसा, बारवीचं पाणी येतं, त्यात हिमालयाचा थेंब नाही. हे खरं आहे. सिंधू, सतलजच्या पाण्यातही मोठा वाटा पाऊस, हिम आणि हिमनद्यांचाच, गोठभुईचा वाटा मोठ्या नदीत शोधायला गेलं तर लहान निघेल. तो मोठा असतो तो वरच्या गावाच्या झऱ्यात आणि स्पांगच्या गवतात. तिथे राहणारी माणसं थोडी आहेत, त्यांचं वर्तमानपत्र मुंबईत छापलं जात नाही. मला विचाराल तर हेच कारण आहे काळजीचं. शिवाय मी शहापूर-मुरबाडच्या बाजूची मुलगी आहे. तिथे धरणं आहेत, आणि धरणांच्या वरच्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर जातात. उगमाच्या माणसाला पाणी नाही आणि खालच्याला त्याची खबर नाही, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.

तेव्हा संपादक महोदय, आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. हिमालयावरच्या पुढच्या लेखात गोठलेल्या जमिनीला जागा द्या, शक्य झालं तर साउथ पुल्लूला कुणाला तरी पाठवा. आपल्या वाचकांमध्ये मृदाशास्त्राचे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असतील, त्यांनी मराठीत या विषयावर लिहावं. आणि प्रवासाच्या पुरवणीत लडाखच्या सहलींची जाहिरात घेताना, गाड्या रस्ता सोडून गवतात घालणार नाही एवढी हमी त्या कंपन्यांकडून लेखी मागा. तिसरी विनंती आपल्या उत्पन्नाशी निगडित आहे याची मला जाणीव आहे, तरीही करते.

पत्र लांबलं. जागा कमी असेल तर माझी ओळख आणि चेंदणीचा परिच्छेद काढा, पण स्पांग आणि रासासचं पाणी ठेवा.

सोबत त्सो कारच्या चाकोऱ्यांचे दोन फोटो पाठवते आहे. छापलेत तर गाडीचा नंबर आणि त्या चालक मुलाचा चेहरा झाकून छापावा. त्याची नोकरी अजून त्याच रस्त्यावर आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक,
कोपरी, ठाणे पूर्व